फॅरेडे बोलायला आणि लिहायला कसा शिकला : तरुण संशोधकाच्या प्रशिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

संशोधक विद्यार्थ्याला शोधनिबंध लिहायला आणि सभेत उभे राहून आपले काम मांडायला शिकवावे लागते, हे तत्त्वतः कोणी नाकारत नाही. तरीही अनेक विभागांत हे शिक्षण प्रबंधाच्या शेवटच्या वर्षावर ढकलले जाते, आणि ज्याला ते आधीपासून जमते त्याच्याबद्दल ‘त्याला उपजतच येते’ असे म्हणून विषय संपवला जातो. उपजत येण्याचे उदाहरण म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांत विजेवरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे अग्रभागी असतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधली त्याची शुक्रवारची सायंव्याख्याने आणि नाताळात मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानमाला यांमुळे एकोणिसाव्या शतकातला विज्ञानाचा सर्वोत्तम वक्ता अशी त्याची ख्याती झाली. त्याची पत्रे, टिपणे आणि आप्तांच्या आठवणी मात्र वेगळे चित्र दाखवतात. हे कसब त्याने सुमारे पंधरा वर्षे, ठरवून, दुसऱ्यांकडून दोष काढून घेत मिळवले. त्या शिक्षणात एक गोष्ट राहून गेली आणि तिची किंमत त्याला 1821 मध्ये मोजावी लागली. हे प्रकरण निवडण्याचे कारण या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या कागदपत्रांत सापडतात, हे आहे.

पार्श्वभूमी

फॅरेडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी एका लोहाराच्या घरी झाला. शालेय शिक्षण वाचणे, लिहिणे आणि जुजबी हिशेब यांपलीकडे गेले नाही. लंडनमधल्या ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे त्याने पुस्तकबांधणीची उमेदवारी केली, बांधायला आलेली पुस्तके वाचली, आणि तिथेच राहणाऱ्या मास्केरिये नावाच्या फ्रेंच चित्रकाराकडून यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) चित्रणाचे धडे घेतले. पुढे उपकरणांच्या आकृत्या काढताना ते कामी आले. 1810 पासून तो जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या विज्ञानव्याख्यानांना जाऊ लागला. याच मंडळींची सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी ही कारागीर, कारकून आणि उमेदवार तरुणांची संस्था होती. सभासद पाळीपाळीने एकमेकांसमोर बोलत.

1812 च्या वसंतात दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमधला रसायनतज्ज्ञ सर हम्फ्री डेव्ही याची चार व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे त्याने घरी विस्ताराने पुन्हा लिहिली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधली आणि ती तीनशेहून अधिक पानांची वही डेव्हीकडे पाठवली. पुढे तिथल्या प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारी करून नोकरी गमावून बसला आणि ती जागा 1 मार्च 1813 रोजी फॅरेडेला मिळाली : आठवड्याला 25 शिलिंग आणि वर राहायला खोली. चांगल्या व्याख्यानाचे इतक्या काळजीने पुनर्लेखन हा त्याचा लेखनाचा पहिला मोठा सराव होता, हे या वहीच्या कथेत सहसा सुटून जाते. वहीमुळे नोकरी मिळाली एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहते.

पहिला टप्पा : पाहणे

नोकरीला लागल्यावर तीनच महिन्यांत, जून 1813 मध्ये, एकवीस वर्षांच्या फॅरेडेने बेंजामिन ॲबट या मित्राला लागोपाठ काही पत्रे लिहिली. ॲबट शहरात कारकुनी करी आणि त्याचे शिक्षण फॅरेडेपेक्षा बरे झाले होते. लेखन सुधारावे या उघड हेतूनेच दोघांचा पत्रव्यवहार आदल्या वर्षी सुरू झाला होता. या पत्रांचा विषय आहे विज्ञानाचे व्याख्यान कसे असावे. ज्याने स्वतः अजून एकही व्याख्यान दिलेले नाही त्याने दुसऱ्यांचे गुणदोष काढावेत हे विचित्र दिसेल, अशी कबुली देऊनच तो सुरुवात करतो. पण त्याला एक सोय होती. व्याख्यात्यांना उपकरणे मांडून देण्याचे काम त्याच्याकडे असल्यामुळे तो रोज वेगवेगळे वक्ते जवळून पाहत होता, आणि त्याच वेळी श्रोत्यांचे चेहरेही त्याला दिसत होते.

पत्रांत तो सुरुवात करतो सभागृहापासून : हवा खेळती हवी, उजेड पुरेसा हवा, आत येण्याजाण्याचे मार्ग सोयीचे हवेत, कारण कोंदट खोलीत बसलेल्या माणसाचे लक्ष टिकत नाही. मग टेबल. त्यावर लागतील तेवढीच उपकरणे असावीत आणि ती अशी मांडावीत की वक्ता दिसेनासा होणार नाही. आकृत्या मोठ्या असाव्यात. वक्त्याने शांत, निर्धास्त असावे, पण श्रोत्यांचा मान क्षणभरही विसरू नये. शक्यतो त्यांच्याकडे पाठ करू नये. बोलणे घाईचे नसावे. सुरुवातीला पेटवलेले औत्सुक्य शेवटपर्यंत तेवत ठेवावे आणि त्यासाठी विषय सोडून भटकू नये. कोणत्याही वक्त्याला एक तास पुरे. लिहून आणलेले व्याख्यान वाचायला त्याची हरकत नाही, मात्र डोळे कागदाला चिकटलेले नसावेत. प्रयोग फसला तर वारंवार क्षमा मागत बसू नये. श्रोत्यांची खरोखर गैरसोय झाली असेल तेव्हाच मागावी. टाळ्यांसाठी गळ टाकणाऱ्या वक्त्याबद्दल तर तो चांगलाच तिखट आहे.

आजच्या सादरीकरणाच्या कार्यशाळेतली बहुतेक सूत्रे या पत्रांत आढळतात, आणि त्यात नवल नाही. महत्त्वाचे आहे ते सूत्रे हाती येण्याची रीत. फॅरेडेला कोणी यादी दिली नव्हती. दुसऱ्यांचे बोलणे चालू असताना श्रोत्याचे लक्ष नेमके कुठे सुटते हे पाहून ती यादी त्याने स्वतः तयार केली आणि एका वाचकासाठी वाक्यांत मांडली. आपल्याकडे संशोधक विद्यार्थी वर्षभरात कितीतरी सेमिनार ऐकतात. त्यांपैकी एखाद्याच्या मांडणीवर, आशयाला हात न लावता, पानभर टिपण लिहायला त्यांना सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. या कामाला खर्च नाही. अडचण एकच, आणि ती म्हणजे ज्येष्ठ वक्त्यांचे दोष लेखी नोंदवण्याची धास्ती. फॅरेडेची टीका मित्राला लिहिलेल्या खाजगी पत्रात होती, हे त्याच्याही पथ्यावर पडले.

दुसरा टप्पा : दोष काढून घेणे

त्याच सुमारास सोसायटीतले पाचसहा मित्र संध्याकाळी एकत्र जमू लागले. एडवर्ड मॅग्रॅथ हा संस्थेचा सचिव त्यांत प्रमुख होता. एकत्र वाचायचे आणि एकमेकांचे उच्चार व वाक्यरचना दुरुस्त करायची, एवढाच कार्यक्रम असे. ही शिस्त कडक होती, शेरे स्पष्ट आणि उघड असत आणि फळ फार मोलाचे मिळाले, अशी आठवण फॅरेडेने पुढे नोंदवली आहे. हा क्रम काही वर्षे टिकला. 1818 मध्ये याच वर्तुळातून निबंधलेखनाची एक वही सुरू झाली. सभासद आळीपाळीने निबंध लिहीत आणि ते त्या वहीत उतरवले जात. विषय बहुतेक सामान्य स्वरूपाचे, नैतिक किंवा साहित्यिक असत. रसायनशास्त्राच्या उमेदवाराने कल्पनाशक्तीवर निबंध लिहून काय मिळवले, असे कोणी विचारील. माझ्या मते, प्रयोगाचा आधार नसताना केवळ वाक्यांच्या जोरावर विचार पुढे नेण्याची सवय त्याने तिथे मिळवली.

जानेवारी 1816 मध्ये त्याने सोसायटीत पहिले व्याख्यान दिले. विषय होता पदार्थाचे सामान्य गुणधर्म, श्रोते होते ओळखीचे. 1818 मध्ये बेंजामिन स्मार्ट या वक्तृत्वशिक्षकाच्या व्याख्यानमालेला तो हजर राहिला आणि त्याने शंभराहून अधिक पाने टिपणे घेतली. नंतर त्याच शिक्षकाकडे त्याने अर्धी गिनी (साडेदहा शिलिंग) एका धड्याला देऊन खाजगी शिकवणी घेतली. त्याचा आरंभीचा आठवड्याचा पगार ध्यानात घेतला तर ही रक्कम किरकोळ नव्हती. या शिकवणीतून त्याने स्वतःसाठी काही नियम काढले. वाक्प्रयोग पुन्हा उच्चारायचा नाही. बोललेले सुधारायला मागे वळायचे नाही. शब्द सुचला नाही तर अं-अं करत राहायचे नाही, थांबायचे, तो येतोच. आणि दुसऱ्याने दाखवलेल्या दुरुस्तीवर शंका घ्यायची नाही.

शेवटचा नियम पुढे त्याने थोडा सैल केलेला दिसतो. 1827 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात त्याने पहिली स्वतंत्र व्याख्यानमाला दिली, तेव्हा स्मार्ट ती सगळी ऐकायला बसला होता, केवळ टीका करण्यासाठी. मॅग्रॅथही सकाळच्या व्याख्यानांना येई आणि उच्चारातले, बोलण्यातले दोष कागदावर टिपून देई. फॅरेडेच्या भाचीने सांगितल्याप्रमाणे ही यादी तो नेहमी आभार मानून घेई. त्यातल्या सगळ्या सूचना तो पाळत असे असे नाही, पण मोकळेपणाने सांगत राहण्याबद्दल मॅग्रॅथला प्रोत्साहन देई. त्याच्यासमोर एक कार्ड ठेवलेले असे, त्यावर ‘सावकाश’ अशा अर्थाचा शब्द लिहिलेला. बोलण्याच्या भरात ते नजरेआड झाले तर ते पुन्हा पुढे करण्याची ताकीद सहायक अँडरसनला दिलेली होती. तास संपत आला की वेळेची आठवण देणारे दुसरे कार्ड पुढे येई. यावेळी फॅरेडे पस्तिशीचा होता, रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या अग्रगण्य विज्ञानसंस्थेचा सदस्य होता आणि बेंझिनच्या शोधाने नावाजलेला होता. ज्येष्ठांसाठी हे वाक्य मुद्दाम लिहिले आहे.

मॅग्रॅथ आणि स्मार्ट यांपैकी एकही जण रसायनतज्ज्ञ नव्हता आणि त्याचा वरिष्ठही नव्हता. म्हणून ते आशयात शिरत नसत, फक्त काय ऐकू आले आणि काय नाही एवढे सांगू शकत. फॅरेडेलाही त्यांच्या शेऱ्यावर आपली बढती अवलंबून आहे असे वाटण्याचे कारण नव्हते. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचे सादरीकरण ऐकले की तो हमखास प्रयोगाच्या त्रुटींवर घसरतो आणि मांडणी बाजूला राहते. हे टाळायचे तर टीकाकार वेगळा असावा लागतो.

पहिला शोधनिबंध

लेखनाच्या बाबतीत वरिष्ठाचा हातभार मात्र निर्णायक ठरला. 1816 मध्ये टस्कनीतल्या नैसर्गिक चुन्याच्या एका नमुन्याचे रासायनिक विश्लेषण करायला डेव्हीने त्याला सांगितले. ते काम रॉयल इन्स्टिट्यूशनच्या त्रैमासिकात छापून आले आणि डेव्हीने त्याला स्वतःची टिप्पणी जोडली. अनेक वर्षांनी हा निबंध संग्रहात घेताना फॅरेडेने लिहिले, की त्या वेळी त्याची भीती आत्मविश्वासापेक्षा मोठी होती आणि ज्ञानापेक्षा तर दोन्ही कितीतरी मोठी होती. डेव्हीची टिप्पणी आणि प्रकाशन यांमुळे पुढे लिहीत राहण्याचा हुरूप आला. लहान, पुरे होण्याजोगे काम, ठरावीक मर्यादा, छापील रूप आणि त्याखाली मार्गदर्शकाचे नाव घालून केलेले भाष्य : पहिला निबंध कसा द्यावा याचा हा नमुना आजही वापरता येईल.

1821 : जे शिकवले गेले नव्हते

1820 मध्ये ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने विद्युतप्रवाहामुळे चुंबकसूची वळते हे दाखवले आणि युरोपभर त्यावर लेखांचा पाऊस पडला. 1821 च्या एप्रिलमध्ये विल्यम वोलास्टन हा ज्येष्ठ शास्त्रज्ञ डेव्हीसोबत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक प्रयोग करून पाहत होता. प्रवाह वाहत असलेली तार चुंबक जवळ आणल्यास स्वतःच्या अक्षाभोवती फिरावी, अशी त्याची कल्पना होती. प्रयोग साधला नाही. फॅरेडे प्रयोगाच्या वेळी हजर नव्हता, पण नंतर दोघांचे बोलणे त्याच्या कानावर पडले.

त्याच उन्हाळ्यात रिचर्ड फिलिप्स या संपादक-मित्राने फॅरेडेला विद्युतचुंबकत्वाचा आजवरचा इतिहास लिहायला सांगितले. फॅरेडेने छापून आलेले प्रयोग स्वतः करून पाहत तो आढावा लिहिला. हे करता करता सप्टेंबरच्या आरंभी त्याला नवीन गोष्ट सापडली : पाऱ्यात टोक बुडवलेली तार चुंबकाभोवती अखंड वर्तुळात फिरत राहते. वोलास्टनच्या अपेक्षेपेक्षा हे वेगळे होते, कारण इथे तार स्वतःभोवती नव्हे तर चुंबकाभोवती फिरत होती. विद्युतचलित्राचे (इलेक्ट्रिक मोटरचे) मूळ इथे आहे. फॅरेडेने झटपट निबंध लिहिला आणि तो ऑक्टोबरच्या अंकात आला. त्यात वोलास्टनच्या प्रयत्नाचा उल्लेख नव्हता.

लंडनमध्ये कुजबूज सुरू झाली, की मदतनिसाने ज्येष्ठाची कल्पना उचलली. फॅरेडेचे म्हणणे असे, की अप्रकाशित कामाचा उल्लेख परवानगीशिवाय करू नये म्हणून तो वोलास्टनला भेटायला गेला होता, पण तो शहराबाहेर होता. त्याने पत्र लिहून खुलासा केला, वोलास्टनला प्रयोग करून दाखवला, आणि वोलास्टनने फारसा राग धरला नाही. डेव्हीने मात्र धरला. 1823 मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरेडेचे नाव पुढे आले तेव्हा वाद पुन्हा उकरला गेला. फॅरेडेने कोणी काय, कधी केले याची तपशीलवार हकिकत छापली. सोसायटीचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीचा विरोध कायम राहिला, तरी 8 जानेवारी 1824 रोजी फॅरेडे निवडून आला. विरोधात एकच मत पडले.

या प्रसंगाची मांडणी सहसा डेव्हीच्या मत्सराची गोष्ट म्हणून होते. त्यात तथ्य असेलही, पण प्रशिक्षणाच्या दृष्टीने ती फारशी उपयोगी नाही. त्या क्षणी फॅरेडेइतके या विषयाचे छापील साहित्य चाळलेला माणूस इंग्लंडमध्ये क्वचितच असेल, आणि त्याची भाषाही आठ वर्षे घासून पुसून चकचकीत झाली होती. तो अडला तो न छापलेल्या गोष्टीवर : प्रयोगशाळेत कानावर पडलेली चर्चा, दुसऱ्याचा फसलेला प्रयत्न, परवानगी मिळेपर्यंत थांबावे की नाही हा प्रश्न. संध्याकाळी जमणाऱ्या मित्रमंडळाला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. ते कारकून आणि कारागीर होते. हे सांगू शकणारा एकच माणूस जवळ होता, तो डेव्ही, आणि त्या प्रयोगात तो स्वतःच गुंतलेला होता. एखादे वाक्य, ‘या दिशेने डॉ. वोलास्टन यांनीही प्रयत्न केले आहेत, ते त्यांच्याकडून प्रसिद्ध होतीलच’ अशा अर्थाचे, पुरले असते. ते लिहावे की नाही, हे ठरवण्यासाठी त्याने कोणाचा सल्ला घेतल्याचे दिसत नाही.

नंतर

पुढच्या काळात फॅरेडेच्या लेखनाला जे रूप आले त्याचा या प्रसंगाशी थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल, पण त्याने नोंदींची तारीखवार काटेकोर शिस्त बसवली हे खरे आहे. विजेवरील त्याच्या संशोधनमालेत परिच्छेदांना सलग क्रमांक आहेत आणि ते तीन हजारांच्या वर जातात, त्यामुळे आपल्याच जुन्या विधानाचा हवाला तो नेमकेपणाने देऊ शकतो. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने विद्युतचुंबकत्वावरील 1873 च्या ग्रंथात फ्रेंच शास्त्रज्ञ ॲम्पियर आणि फॅरेडे यांच्या लेखनाची तुलना केली आहे. ॲम्पियरने सिद्धता पूर्ण झाल्यावर बांधकामाच्या परांच्या काढून टाकाव्यात तशा शोधाच्या खुणा काढून टाकल्या, फॅरेडे मात्र फसलेले प्रयोग आणि कच्च्या कल्पनाही दाखवतो, म्हणून विद्यार्थ्याने ॲम्पियर वाचावाच, पण शोध कसा लागतो हे कळण्यासाठी फॅरेडेही अभ्यासावा, असे त्याचे म्हणणे. तरुण लेखकाच्या हाती आज जो साचा दिला जातो तो बहुतांशी ॲम्पियरचा आहे, आणि नियतकालिकांच्या पानमर्यादा पाहता त्याला इलाजही नाही. पण प्रबंधाला पानमर्यादेचा जाच नसतो. तिथे तरी फसलेल्या प्रयोगांचे प्रकरण लिहू द्यायला हरकत नसावी.

आपल्या संदर्भात

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 च्या अखेरीस पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा 2 क्रेडिटचा, 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. फॅरेडेला ज्या गोष्टीची उणीव भासली ती निदान कागदावर आपल्या विद्यार्थ्याला मिळते. छापील स्रोतांचा हवाला आणि वाङ्मयचौर्य यांपुरताच हा अभ्यासक्रम उरला तर 1821 चा पेच त्यात येणार नाही, कारण तिथे चोरलेले वाक्य एकही नव्हते. प्रयोगशाळेतली चर्चा, गटाच्या बैठकीत कोणी सुचवलेली युक्ती, सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे अर्धवट प्रयोग, यांचे श्रेय कुठे आणि किती द्यायचे हे गटानेच, निबंध पाठवण्यापूर्वी, तोंडी ठरवायला हवे.

फॅरेडेला जे मिळाले ते मात्र 30 तासांत बसत नाही. चारपाच समवयस्क, आठवड्यातली एक संध्याकाळ, आणि मागच्या रांगेत कागद घेऊन बसणारा, विषय न कळणारा पण भाषा कळणारा एक माणूस, ही व्यवस्था पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या कोणत्याही वसतिगृहात उभी राहू शकते. एक फरक लक्षात ठेवावा लागेल. फॅरेडे आणि त्याचे मित्र स्वतःच्याच भाषेत सुधारणा करत होते, तर मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आपले काम परक्या भाषेत लिहितो. अशा मंडळात इंग्रजीतल्या चुकाच मोजल्या गेल्या तर मुद्दा कच्चा आहे की भाषा, हे कोणालाच कळणार नाही. म्हणून पहिली फेरी मराठीत घ्यावी : आपण काय मोजले, का मोजले आणि काय आढळले हे दहा मिनिटांत, कागद न वाचता. मराठीतही सांगता आले नाही, तर इंग्रजी मसुदा हाती घेण्याआधी प्रयोगवहीकडे परत जावे.